कार्लाइल इंडियन स्कूलचा 1912 चा फुटबॉल मोसम : पराक्रम, वेळापत्रक आणि तिकीटविक्री

कोयनाकाठ (धागाकर्ता)

जिम थॉर्प हे नाव आपल्याकडे सहसा ऑलिंपिकच्या प्रश्नमंजूषेत भेटते. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदके मिळवली आणि पुढच्याच वर्षी ती काढून घेतली गेली, इतपत माहिती बहुतेकांना असते. या दोन घटनांच्या मधल्या काळात हाच माणूस पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलच्या संघातून अमेरिकन फुटबॉलचा एक अख्खा मोसम खेळला. मला त्या मोसमाविषयी लिहायचे आहे. थॉर्पच्या पराक्रमावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मोसमाचे वेळापत्रक मात्र कोणी सहसा नीट वाचत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट त्या वेळापत्रकात आहे.

आधी शाळेविषयी. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने 1879 मध्ये कार्लाइल गावातील जुन्या लष्करी बराकींत ही निवासी शाळा सुरू केली. अमेरिकेच्या मूलनिवासी जमातींतील (तेव्हाच्या भाषेत ‘इंडियन’) मुलांना घरापासून शेकडो मैल दूर आणायचे, त्यांचे केस कापायचे, त्यांना गणवेश चढवायचा, मातृभाषा बोलण्यास बंदी करायची आणि अर्धा दिवस पुस्तकी शिक्षण तर अर्धा दिवस शिवणकाम, लोहारकाम, कथिलकाम असे धंदेशिक्षण द्यायचे, अशी तिची रीत होती. सुट्टीतही पुष्कळ मुलांना घरी न पाठवता गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी कामाला पाठवले जाई. ‘त्याच्यातला इंडियन मारा आणि माणूस वाचवा’ हे प्रॅटचे धोरण त्याने स्वतःच 1892 च्या एका भाषणात उघडपणे मांडले होते. अशा शाळेचा संघ हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, प्रिन्स्टन यांसारख्या श्रीमंत विद्यापीठांशी बरोबरीने खेळत होता आणि त्यांच्यापैकी काहींना अधूनमधून हरवतही होता, ही मुळातच विलक्षण गोष्ट आहे.

1912 च्या मोसमापूर्वी खेळाचे नियम बरेच बदलले होते आणि ते बदल समजल्याशिवाय पुढचे आकडे कळणार नाहीत. पूर्वी दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी तीन प्रयत्न मिळत. आता चार मिळू लागले. मैदानाची लांबी 110 यार्डांवरून 100 यार्डांवर आली आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा जोडला गेला, ज्यात झेललेला पास टचडाउन (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेणे) म्हणून ग्राह्य धरला जाऊ लागला. टचडाउनचे गुण पाचाचे सहा झाले. पुढे फेकलेल्या पासावर असलेली वीस यार्डांची मर्यादाही उठली. थोडक्यात, अंगावर अंग घालून रेटारेटी करणाऱ्या भारदस्त संघांचे पारडे हलके झाले आणि धावणाऱ्या, फेकणाऱ्या, चकवणाऱ्या संघांना मोकळे रान मिळाले. कार्लाइलची पोरे अंगाने किरकोळ होती आणि त्यांचा प्रशिक्षक ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर हा कल्पक माणूस होता. हे नियम जणू त्यांच्यासाठीच केले होते.

आता वेळापत्रक. 21 सप्टेंबरला ऑल्ब्राइटविरुद्ध 50–7, 25 तारखेला लेबनन व्हॅलीविरुद्ध 45–0, 28 तारखेला डिकिन्सनविरुद्ध 34–0 आणि 2 ऑक्टोबरला व्हिलानोव्हाविरुद्ध 65–0. बारा दिवसांत चार सामने. हे सगळे घरच्या परिसरात झाले आणि एकतर्फी झाले. त्यानंतर 5 ऑक्टोबरपासून 28 नोव्हेंबरपर्यंत ओळीने दहा सामने, आणि दहाच्या दहा परगावी: वॉशिंग्टन अँड जेफरसनशी 0–0 अशी बरोबरी, सिरॅक्यूजवर 33–0, पिट्सबर्गवर 45–8, जॉर्जटाउनवर 34–20, टोरांटोत 49–1, लीहायवर 34–14, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीवर 27–6, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून 26–34 असा एकमेव पराभव, स्प्रिंगफील्डवर 30–24 आणि शेवटी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ब्राउनवर 32–0. एकूण चौदा सामने, बारा विजय, एक बरोबरी, एक हार. केलेले गुण 504 आणि दिलेले 114.

504 हा आकडा सगळीकडे अभिमानाने सांगितला जातो, कारण त्या वर्षी देशात एवढे गुण दुसऱ्या कोणत्याही संघाने केले नव्हते. पण त्यातले 194 गुण पहिल्या चार सामन्यांतले आहेत हे लक्षात घेतले पाहिजे. उरलेल्या दहा सामन्यांत 310, म्हणजे सरासरी 31, हा आकडा मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो प्रवासाने शिणलेल्या संघाने दुसऱ्याच्या मैदानावर केलेला आहे. जॉर्जटाउनचा सामना वॉशिंग्टनला शनिवारी 26 ऑक्टोबरला झाला आणि सोमवारी 28 तारखेला हीच मुले देशाची सीमा ओलांडून टोरांटोच्या मैदानात उतरली. दिलेल्या 114 गुणांपैकी 58 गुण लष्करी अकादमीच्या सामन्यानंतरच्या लागोपाठच्या दोन सामन्यांत गेले. याला काही जण बेफिकिरी म्हणतात. मला तो थकवा वाटतो.

आणि हे सगळे सामने परगावी का? कारण तिकीटविक्री. कार्लाइल हे लहान गाव होते. तिथे मोठा संघ बोलावून गल्ला जमणार नव्हता. मोठ्या शहरांतील मैदानांवर हजारो प्रेक्षक ‘इंडियन’ पाहायला येत आणि उत्पन्नातील वाटा कार्लाइलच्या क्रीडा संघटनेकडे जाई. त्या पैशाचा हिशेब सरकारी खात्याबाहेर ठेवला जात होता आणि त्यावर वॉर्नरचा ताबा होता. मोसमाच्या शेवटी पहिल्या संघातील खेळाडूच्या हाती काय पडे, तर एक सूट आणि एक ओव्हरकोट. त्यामुळे हा मोसम एकाच वेळी खेळाचा उत्कर्ष आणि मुलांच्या अंगमेहनतीवर चाललेला फिरता व्यवसाय होता, असे माझे मत आहे. तुम्हाला काय वाटते?

---

तिसरा_पंच

लेख आवडला. नियमांच्या भागाला थोडी जोड देतो. पुढे पास फेकण्याची मुभा मुळात 1906 मध्ये मिळाली आणि तिच्यामागे 1905 चा रक्तरंजित मोसम होता. त्या वर्षी मैदानावर इतकी मुले दगावली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. तरीही सुरुवातीला पास ही जोखीमच होती, कारण तो हुकला तर जबर दंड होता. मोठी विद्यापीठे त्यामुळे पासापासून चार हात लांब राहिली. कार्लाइलने मात्र 1907 मध्येच तो हत्यारासारखा वापरला आणि पेनला (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला) 26–6, हार्वर्डला 23–15 असे हरवले. म्हणजे 1912 च्या नियमांचा लाभ उठवायला कार्लाइलइतका तयार संघ दुसरा नव्हता. पाच वर्षांची तालीम पाठीशी होती.

एक शंका. टोरांटोच्या सामन्यात समोरच्यांना 1 गुण कसा मिळाला? अमेरिकन फुटबॉलमध्ये नुसता एक गुण कुठून येतो?

---

कोयनाकाठ

तो गुण कॅनडाच्या नियमांतला आहे. त्या सामन्याचा काही भाग अमेरिकन आणि काही भाग कॅनडातील रग्बी फुटबॉलच्या नियमांनी खेळला गेला. चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे गेला आणि प्रतिस्पर्धी तो बाहेर काढू शकला नाही, तर कॅनडात एक गुण मिळतो. त्याला तिथे ‘रूज’ म्हणतात आणि तो आजही चालू आहे. शनिवारी एका नियमाने आणि सोमवारी निम्म्या परक्या नियमाने खेळून 49 गुण करणे, हे माझ्या मते त्या मोसमातील सर्वांत कमी चर्चिलेले यश आहे.

---

रेघोट्या

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. ‘मुलांच्या अंगमेहनतीवर चाललेला व्यवसाय’ असे म्हटले की मुलांच्या पदरी फक्त बळीची भूमिका उरते. वस्तुस्थिती अशी आहे की कार्लाइलमध्ये फुटबॉल शाळेने मुलांवर लादला नव्हता. सुरुवातीच्या काळात एका मुलाचा पाय मोडल्यावर प्रॅटने बाहेरच्या संघांशी खेळण्यास बंदी केली होती. ती उठवावी म्हणून मुलांनीच त्याच्याकडे रदबदली केली आणि प्रॅटने दोन अटींवर परवानगी दिली: समोरच्याने ठोसा मारला तरी उलट ठोसा मारायचा नाही, आणि काही वर्षांत देशातील सर्वांत बलाढ्य संघाला हरवून दाखवायचे. ज्या शाळेत स्वतःची भाषा बोलायची सोय नव्हती, तिथे मुलांनी मागून घेतलेली ही एक गोष्ट होती.

शिवाय त्यांच्या खेळात जी खोडकर बुद्धी दिसते ती पगारी मजुराची नाही. 1903 मध्ये हार्वर्डविरुद्ध त्यांनी चेंडू चार्ली डिलनच्या जर्सीत पाठीमागे खुपसला, बाकीचे सगळे चेंडू पोटाशी धरल्याचा आव आणत चहूकडे पांगले आणि हार्वर्डचे खेळाडू चेंडू शोधत असताना डिलन दोन्ही हात मोकळे ठेवून सरळ गोलरेषेपर्यंत धावत गेला. हार्वर्डने तो सामना 12–11 असा जिंकला, तरी आज आठवतो तो डिलनच. जी मुले असा डाव रचतात आणि पार पाडतात, त्यांना खेळातून काही मिळत नव्हते असे कसे म्हणता येईल?

---

कोयनाकाठ

खेळातून काही मिळत नव्हते असे मी म्हटलेले नाही. मुलांना खेळ मनापासून हवा होता, आणि नेमक्या त्याच कारणाने त्यांना आठवड्याला एक-दोन सामने खेळायला लावणे सोपे गेले. आवडीचे काम करणाऱ्याला कमी मोबदल्यात राबवता येते, हे आपल्याकडील नाटक कंपन्यांतल्या नटांनाही ठाऊक होते.

हार्वर्डचा विषय निघाला म्हणून आधीच्या मोसमाचा दाखला देतो. 11 नोव्हेंबर 1911 रोजी थॉर्प दुखऱ्या पायावर पट्ट्या गुंडाळून हार्वर्डविरुद्ध खेळला, चार फील्ड गोल (लाथेने चेंडू गोलखांबांमधून मारणे) मारले आणि सामना 18–15 असा जिंकून दिला. पुढच्याच आठवड्यात सिरॅक्यूजने कार्लाइलला 12–11 असे हरवले. मोठा सामना, सर्वस्व पणाला, आणि लगेच पुढच्या आठवड्यात पाय ओढत खेळलेला सामना, हा क्रम 1911 मध्येही दिसतो आणि 1912 मध्येही. दोन वर्षे तेच घडले तर त्याला योगायोग म्हणवत नाही.

---

शिळोप्याचा_वाचक

लष्करी अकादमीच्या सामन्याबद्दल धाग्यात एका आकड्यापलीकडे काहीच नाही याचे आश्चर्य वाटले, कारण या मोसमावरचे बहुतेक लेखन त्याच एका सामन्यावर असते. कदाचित धागाकर्त्यांनी मुद्दाम टाळले असेल. तरीही त्याबद्दल लिहितो, कारण त्या सामन्याभोवती बरीच दंतकथा साचली आहे.

9 नोव्हेंबर 1912, वेस्ट पॉइंट. पहिले टचडाउन लष्कराने केले, पण त्यानंतरची एका जादा गुणाची किक हुकली आणि गुण 6–0 असे राहिले. मध्यंतराला कार्लाइल 7–6 असे एका गुणाने पुढे होते. वॉर्नरने या सामन्यासाठी नवी रचना आणली होती. दोन्ही हाफबॅक (फळीमागून चेंडू घेऊन धावणारे खेळाडू) मागे खोल उभे न राहता रांगेच्या दोन टोकांशी येऊन उभे राहत, त्यामुळे चेंडू कोणाकडे जाणार, कोण पळणार आणि कोण फेकणार याचा अंदाज समोरच्याला लागत नसे. ही रचना पुढे ‘डबल विंग’ म्हणून देशभर वापरली गेली. क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर डाव चालवणारा खेळाडू, गस वेल्चने ती इतक्या झपाट्याने चालवली की उत्तरार्धात लष्कराची फळी पुरती विस्कटली. लष्कराचा कर्णधार लेलँड डेव्होर हा धिप्पाड गडी. समोर उभ्या असलेल्या जो गायनने त्याला इतके जेरीस आणले की शेवटी तो गायनच्या अंगावर धावून गेला आणि पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढले.

आता दंतकथेचा भाग. थॉर्पने 92 यार्ड धावून केलेले टचडाउन सहकाऱ्याच्या चुकीमुळे रद्द झाले आणि लगेच पुढच्या चेंडूवर त्याने 97 यार्ड धावून पुन्हा टचडाउन केले, अशी गोष्ट अनेक ठिकाणी छापून आलेली आहे. थॉर्पची एक सुंदर धाव दंडामुळे रद्द झाली हे खरे. परंतु कार्लाइलच्या चार टचडाउनपैकी तीन अॅलेक्स अर्कासाची आणि एक जो बर्गीची होती. चार टचडाउनचे चोवीस आणि त्यानंतरच्या किकांचे तीन मिळून सत्तावीस झाले. त्यात थॉर्पच्या 97 यार्डांच्या टचडाउनला जागाच उरत नाही. त्या दिवशी थॉर्पने लष्कराला आपल्यामागे पळवले आणि गुण अर्कासाने केले. अर्कासाचे नाव मात्र आज कोणाला ठाऊक नाही.

लष्कराच्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. थॉर्पला जायबंदी करून बाहेर काढायचे असा बेत त्यांनी व त्यांच्या एका सहकाऱ्याने केला आणि त्या धडकेत ते दोघेच गडबडले, अशी आठवण सांगितली जाते. त्यानंतर थोड्याच दिवसांत टफ्ट्सविरुद्ध आयझेनहॉवर यांचा गुडघा गेला आणि त्यांचा फुटबॉल संपला. थॉर्पसारखा खेळाडू आपण दुसरा पाहिला नाही, असे त्यांनी पुढे अनेक वर्षांनी जाहीरपणे सांगितले.

---

रेघोट्या

उत्तम प्रतिसाद. वॉर्नरने सामन्यापूर्वी मुलांना, समोरच्यांच्या बापजाद्यांनी तुमच्या बापजाद्यांना मारले, वूंडेड नी आठवा, असे सांगितल्याची जी हकीकत आहे, तिच्याविषयी काय मत आहे? अमेरिकी लष्कराने मूलनिवासींचे केलेले वूंडेड नीचे हत्याकांड डिसेंबर 1890 मधले, म्हणजे तेव्हा अवघ्या बावीस वर्षांपूर्वीचे. सूड म्हणून हा सामना पाहणे मला तरी चुकीचे वाटत नाही.

---

शिळोप्याचा_वाचक

ती हकीकत नंतरच्या आठवणींतून आलेली आहे, त्यामुळे शब्द तसेच होते की नव्हते याच्या वादात मी पडत नाही; आशय तसा असणे सहज शक्य आहे. पण दोन गोष्टी नजरेआड होऊ नयेत. एक, हा पहिला सामना नव्हता. 1905 मध्येही कार्लाइलने वेस्ट पॉइंटला जाऊन लष्कराला 6–5 असे हरवले होते. दोन, वूंडेड नीला मारले गेले ते लकोटा जमातीचे होते. या संघातला थॉर्प सॅक अँड फॉक्स जमातीचा, वेल्च आणि गायन ओजिब्वे, पॉवेल चेरोकी, अर्कासा कोलव्हिल, कॅलॅक लुइसेन्यो. प्रत्येकाचा इतिहास वेगळा, भाषा वेगळी, अमेरिकी सरकारशी झालेले करार आणि त्या करारांचा झालेला भंग वेगळा. या सर्वांना ‘तुमचे बापजादे’ या एका मोळीत बांधणे ही गोऱ्या प्रशिक्षकाची सोय होती आणि तीच सोय आजचे लेखकही वापरतात. मुलांच्या मनात राग नसेल असे मी म्हणत नाही. तो वॉर्नरच्या भाषणाने पेटण्याची वाट पाहत बसला होता, हे मात्र मला पटत नाही.

---

बोरीबंदर_ते_बफेलो

वाचतो आहे. दोन्ही बाजूंचे प्रतिसाद आवडले.

---

हॅरिसबर्गचा_पाहुणा

मी कार्लाइलपासून जवळच राहतो, म्हणून जागेविषयी लिहितो. शाळा 1918 मध्ये बंद झाली आणि जागा पुन्हा लष्कराकडे गेली. आज तिथे लष्कराचे वॉर कॉलेज आहे. आवार लष्करी असल्यामुळे फाटकावर ओळखपत्र तपासूनच आत सोडतात. शाळेच्या काळातील काही इमारती आणि मुले जिथे खेळत ते मैदान अजून आहे.

तिथे गेल्यावर मैदानापेक्षा दफनभूमी अधिक वेळ थांबवते. शाळेत असताना आजाराने, विशेषतः क्षयाने, दगावलेल्या मुलांची ती आहे. इथे एकशे ऐंशीच्या आसपास कबरी होत्या, लष्करी पद्धतीच्या एकसारख्या पांढऱ्या शिळांच्या. मूळ दफनभूमी दुसरीकडे होती. 1927 मध्ये ती जागा बांधकामासाठी मोकळी करताना कबरी इथे हलवल्या. शिळांवरील काही नावे चुकीची कोरलेली आहेत आणि काहींवर नावाऐवजी ‘अज्ञात’ एवढेच आहे. 2017 पासून लष्कराने काही जमातींना त्यांच्या मुलांचे अवशेष परत देण्यास सुरुवात केली असून ते काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. डिसेंबर 2024 मध्ये या शाळेची जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली.

हे लिहिण्याचे कारण असे, की गस वेल्चच्या घरातील बहुतेक माणसे क्षयाने गेली होती आणि तो अनाथ म्हणून वाढला. त्या मोसमात संघाचा मेंदू असलेला हा मुलगा रोज ज्या आवारात वावरत होता, तिथेच तेव्हाची मूळ दफनभूमीही होती. फुटबॉलविषयी बोलताना ती चौकटीबाहेर ठेवता येत नाही.

---

तिसरा_पंच

वरील प्रतिसाद महत्त्वाचा आहे.

माझा एक तांत्रिक आक्षेप नोंदवतो. याला ‘महाविद्यालयीन’ संघ म्हणावे का? कार्लाइल पदवी देत नव्हते. तेथील शिक्षण आपल्याकडील माध्यमिक शाळेच्या आसपासचे होते. दुसरीकडे, संघातील अनेक खेळाडू विशीतले होते आणि काही जण मध्ये शाळा सोडून जाऊन परत आले होते. स्वतः थॉर्प 1909 मध्ये बाहेर पडला, नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ पगारावर बेसबॉल खेळला आणि 1911 मध्ये परतला. विद्यापीठांना जे पात्रतेचे निकष लागू होते ते कार्लाइलला लागू नव्हते. मग ही स्पर्धा समान पातळीवरची होती असे म्हणता येईल का?

---

कोयनाकाठ

आक्षेप रास्त आहे, पण तो दोन्ही बाजूंनी कापतो. एक तर शाळेत मुलांची संख्या साधारण हजाराच्या घरात आणि तीही लहान मुले-मुली धरून, त्यामुळे निवडीला वाव किती होता याचा विचार व्हावा. शिवाय त्या काळात विद्यापीठांचेही हात फारसे स्वच्छ नव्हते. पैसे देऊन आणलेले खेळाडू आणि नावापुरते विद्यार्थी सगळीकडे होते. फरक एवढाच, की हार्वर्डचा खेळाडू चार वर्षांनी पदवी घेऊन वकील किंवा सावकार होई आणि कार्लाइलचा खेळाडू शिंपीकामाचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडे.

थॉर्पच्या बेसबॉलचा उल्लेख झाला म्हणून त्या मोसमाची शेपटी सांगतो. ब्राउनविरुद्धचा शेवटचा सामना 28 नोव्हेंबरला झाला आणि जानेवारी 1913 मध्ये वूस्टरच्या एका वृत्तपत्राने थॉर्प पगारी बेसबॉल खेळल्याची बातमी दिली. थॉर्पच्या नावे एक कबुलीपत्र तयार झाले, ज्यात आपण केवळ एक अजाण इंडियन शाळकरी मुलगा होतो असा सूर होता. ते लिहिण्यात वॉर्नरचा हात होता. आपल्याला यातले काहीच ठाऊक नव्हते अशी भूमिका वॉर्नरने घेतली, जी मला अजिबात पटत नाही. दोन वर्षे गायब असलेला आपला सर्वोत्तम खेळाडू उन्हाळ्यात काय करत होता हे त्याच्या प्रशिक्षकाला माहीत नसावे, हे कसे शक्य आहे? ऑलिंपिकच्या नियमानुसार आक्षेप तीस दिवसांत यायला हवा होता आणि ती मुदत केव्हाच टळली होती, तरी पदके काढून घेतली गेली. 1982 मध्ये त्याला संयुक्त विजेता म्हणून मान्यता मिळाली आणि एकमेव विजेता म्हणून नाव परत लागायला जुलै 2022 उजाडले.

---

रेघोट्या

त्या मोसमात थॉर्पचे स्वतःचे गुण किती? वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसतात.

---

शिळोप्याचा_वाचक

वर्षानुवर्षे छापला गेलेला आकडा 25 टचडाउन आणि 198 गुण असा आहे. नंतरच्या मोजणीत तो 27 टचडाउन आणि 224 गुणांपर्यंत गेला. त्या काळात अधिकृत आकडेवारी ठेवली जात नसे आणि वृत्तपत्रांचे वार्ताहर आपापल्या परीने यार्ड मोजत, त्यामुळे असे होणारच. स्प्रिंगफील्डविरुद्धचे तीसही गुण एकट्या थॉर्पचे होते एवढे पाहिले तरी पुरेसे आहे. फुटबॉलतज्ज्ञ वॉल्टर कँपच्या देशातील सर्वोत्तम अकरा जणांच्या यादीत 1911 आणि 1912 अशी दोन्ही वर्षे त्याचे नाव होते.

---

बोरीबंदर_ते_बफेलो

क्रीडा संघटनेच्या पैशांचे पुढे काय झाले? धाग्याच्या सुरुवातीला ‘सरकारी खात्याबाहेरचा हिशेब’ असा उल्लेख आहे, तो तिथेच सुटला असे वाटते.

---

कोयनाकाठ

तो सुटला नाही. 1914 मध्ये त्याची चौकशी झाली आणि ती घडवून आणण्यात या संघाच्याच क्वार्टरबॅकचा पुढाकार होता, म्हणून सविस्तर लिहितो.

गस वेल्चने शाळेच्या कारभाराविरुद्ध एक अर्ज तयार केला आणि त्यावर 276 विद्यार्थ्यांच्या सह्या मिळवल्या. त्यानंतर सरकारी निरीक्षक आला आणि फेब्रुवारी 1914 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) संयुक्त समितीने कार्लाइलला येऊन साक्षी घेतल्या. जेवणाची हेळसांड, मारहाण, शिस्तीच्या नावाखाली चाललेला जाच यांबरोबरच फुटबॉलच्या पैशाचाही विषय निघाला: उत्पन्नाचा विनियोग वॉर्नर आणि अधीक्षक मोझेस फ्रिडमन यांच्या मर्जीने होत होता, आणि वॉर्नर मुलांना शिवीगाळ करतो अशा तक्रारी खुद्द खेळाडूंनी केल्या. वेल्चची साक्ष मला फार नेमकी वाटते: प्रशिक्षक म्हणून वॉर्नर चांगला आहे, पण त्याला तत्त्व नाही, असा तिचा सारांश होता. ज्या मुलाने वेस्ट पॉइंटच्या मैदानावर वॉर्नरची रचना अचूक चालवून दाखवली, त्यानेच हे सांगितले. त्यामुळे वर रेघोट्या यांनी जो मुद्दा मांडला, की मुलांना केवळ बळी समजू नये, तो मला या टोकाकडून मान्य आहे. आपण कशासाठी आणि कोणाच्या फायद्यासाठी खेळत आहोत हे त्यांना पुरते कळत होते, आणि वेळ आल्यावर त्यांनी ते सही करून सांगितले.

फ्रिडमनला जावे लागले. वॉर्नर आणखी एक मोसम थांबला आणि 1915 मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाकडे गेला, जिथे त्याची कारकीर्द आणखी बहरली. कार्लाइलचा फुटबॉल मात्र त्यानंतर सावरला नाही. थॉर्प, गायन आणि कॅलॅक पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये कँटन बुलडॉग्जकडून खेळले, आणि 1920 मध्ये आजच्या एनएफएलची (अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगची) मूळ संघटना स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष म्हणून थॉर्पला निवडले गेले. त्या निवडीमागे त्याच्या कारभारकौशल्यापेक्षा त्याच्या नावावर खपणारी तिकिटे होती, हे वेगळे सांगायला नको.

---

रेघोट्या

276 सह्यांची बाब मला ठाऊक नव्हती. 1907 च्या मोसमावर स्वतंत्र धागा काढावा अशी विनंती. तिसरा_पंच यांनी वर हार्वर्ड आणि पेनचे निकाल दिले आहेत, पण त्याच वर्षी प्रिन्स्टनने कार्लाइलला 16–0 असे हरवले होते. इतका चांगला संघ प्रिन्स्टनसमोर एकही गुण का करू शकला नाही, याची चर्चा तिथे करता येईल.